सुनांचा थर

मला तो मुलगा कधीच नको होता, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी भलत्या वाटेला लागायला नको. माझ्या मैत्रिणीने ज्याच्याशी लग्न केलं तो प्लंबर होता, उंच होता, सज्जन होता, आणि त्याच्याशी दहा मिनिटं बोललं की मला जांभई यायची. मला त्याची आई हवी होती. तिचं ते लांबलचक टेबल, चुलत-मावस-आते भावंडांचा तो गोतावळा आणि दर रविवारी एक वाजता द्राक्षाच्या मांडवाखाली मांडल्या जाणाऱ्या ताटल्या. हे सगळं माझ्या मैत्रिणीला मिळालं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. पुढची दोन-तीन वर्षं ते थांबलं नाही.

आता मी न्यूझीलंडमध्येच अप्पर हट नावाच्या गावी राहते, सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला कामाला जाते. तेव्हा आम्ही दोघी ऑकलंडच्या पश्चिमेला हेन्डरसनमध्ये राहत होतो. दोघी पुण्याच्या, २०११ साली शिकायला आलेल्या. ती हॉटेल मॅनेजमेंटला, मी नकाशे काढण्याच्या डिप्लोमाला. आधी सहा जणींच्या एका घरात राहिलो. तिथे बाथरूमच्या दारावर वेळापत्रक लावलेलं असायचं. मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घ्यायला गेले असताना काचेवर एक कार्ड दिसलं: मागच्या अंगणातली सुटी खोली भाड्याने, दोन शांत मुली हव्यात. ते कार्ड मी पाहिलं, फोन मी केला, आणि मैत्रिणीला तिथे मीच घेऊन गेले. हे मी पुढे मनात इतक्या वेळा उगाळलं की त्याचा लगदा झाला.

घरमालकीण सत्तरी ओलांडलेली, विधवा. इकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण आईपेक्षा मोठ्या बाईला नुसतं नावाने बोलावणं माझ्या जिभेला जमेना, म्हणून मी ‘आँटी’ म्हणू लागले. त्या हसल्या, पण त्यांनी ते चालवून घेतलं. आँटींचा जन्म इथलाच. त्यांच्या सासरची आणि माहेरची माणसं मात्र क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावरून आलेली, दोन्ही घराणी एकाच गावची. पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी सिल्व्हरबीट नावाच्या पालेभाजीची बटाटा आणि लसूण घातलेली भाजी पुढे केली. ती थेट माझ्या आईच्या पालक-बटाट्याच्या वाटेने जाणारी होती, फक्त फोडणीऐवजी वरून ऑलिव्हचं तेल. मी दोनदा वाढून घेतली.

त्या पावसाळी हिवाळ्यात आँटी घराण्याचा वंशवृक्ष काढायला बसल्या होत्या. लक्षात घ्या, घराणं त्यांच्या सासरचं. उरलेल्या वॉलपेपरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहायच्या, माणसं मावेनाशी झाली की दुसरा तुकडा चिकटवायच्या. कागद जेवणघरातून निघून पॅसेजपर्यंत गेला होता. त्यांच्याकडे एक प्लास्टिकची पेटी भरून झेरॉक्स होत्या, बेटावरच्या पाद्र्यांनी पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या एका वहीच्या. त्या वहीला ते लोक ‘आत्म्यांची वही’ म्हणतात. दर घराला एक पान. त्या घरात कोण जन्मलं, सून कुठल्या गावची, कुणाची मुलगी, कोण कधी गेलं. जो देश सोडून गेला त्याच्या नावापुढे पाद्र्याने बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘न्यूझीलंडमध्ये’. म्हणजे गेलेला माणूसही पानावर होताच.

मी त्या एका शब्दाकडे बघत बसले. माझे वडील बँकेत होते, दर तीन वर्षांनी बदली. ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाला मी शाळेत असताना चार वेगवेगळी उत्तरं दिली आहेत आणि चारही खरी वाटली नाहीत. आमच्या घराण्याचा एक कुलवृत्तांत आहे, जाडजूड, लाल बांधणीचा. त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा वडिलांनी आमच्या पानाचा फोटो पाठवला. भावाच्या नावापुढे शिक्षण, नोकरी, पत्नी, मुलं, अगदी पुणे महानगरपालिकेच्या कसल्याशा स्पर्धेतलं बक्षीससुद्धा. माझ्यापुढे ‘कन्या, अविवाहित, परदेशी’. कुठल्या परदेशी, तेही नाही. भावाचाही हेवा वाटला, अर्थात. माझा हेवा कुणात डावं-उजवं करत नाही.

तर मी आँटींना म्हटलं, हे मी कॉम्प्युटरवर काढून देते. माझं रोजचं काम म्हणजे टाकानिनीत उठणाऱ्या नव्या वसाहतींच्या सांडपाण्याचे नकाशे. मुख्य नळी, तिला मिळणाऱ्या घराघरांच्या नळ्या, जोडावर मॅनहोलचा गोल. घराणंही मी त्याच पद्धतीने काढलं, कारण मला दुसरी येत नव्हती. प्रत्येक लग्नाला एक गोल. आँटींनी विचारलं, हे गोल कसले? मी म्हटलं, मॅनहोल. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला, आणि पुढचा महिनाभर येईल त्याला सांगत होत्या की माझं लग्न एका मॅनहोलमध्ये झालं. एक अडचण मात्र खरी होती. सांडपाणी फांद्यांकडून खोडाकडे वाहतं आणि माणसं उलटी, त्यामुळे सगळे बाण मला फिरवून घ्यावे लागले.

दोन वर्षांचे रविवार त्यात गेले. आँटी वाचायच्या, मी रेखाटायची. सगळ्यात वर एक माणूस आहे, त्याला नाव नाही. तुर्कांच्या फौजा आत सरकत होत्या तेव्हा डोंगरापलीकडची माणसं गुरंढोरं घेऊन समुद्राकडे पळाली आणि त्यातली काही होड्यांनी बेटांवर उतरली. तेव्हाच्या पाद्र्याने वहीत एवढंच लिहिलं होतं: ‘पलीकडून आलेला’. त्याच्या मुलाला नाव मिळालं आणि नातवाला आडनाव. बेटावर व्हेनिसचं राज्य, म्हणून नावं इटालियन वळणाची. मग ऑस्ट्रिया आला, वळण बदललं. पुढे युगोस्लाव्हिया, त्यानंतर क्रोएशिया. घर तेच, चूल तीच, देश मात्र बदलत राहिला.

मग द्राक्षाच्या वेलींना रोग पडला. बेटावर वाइनवाचून दुसरा आधार नव्हता, पोरं बोटीत बसली. कुणी चिलीला गेलं, कुणी अमेरिकेला. आँटींच्या सासऱ्यांचे वडील इकडे उत्तरेला आले, दलदलीत गाडला गेलेला कौरी झाडांचा डिंक उपसायला. डिंक उपसून हेन्डरसनला जमीन घेतली आणि जी वेल तिकडे मेली ती इकडे लावली. पहिल्या महायुद्धात त्यांच्याकडे ऑस्ट्रियाचे लोक म्हणून संशयाने पाहिलं गेलं, आणि हे तर ऑस्ट्रियाला कंटाळून निघालेले. आँटी हे सगळं चहा ओतता ओतता सांगायच्या. मी मनातल्या मनात हिशोब करायची: म्हणजे हेही आमच्यासारखेच, बोचकी घेऊन आलेले, फक्त शंभर वर्षं आधी. त्या शंभर वर्षांत यांनी गल्लीला आपलं आडनाव चिकटवलं, स्मशानात रांगच्या रांग भरली. आम्ही अजून रेसिडेन्सीच्या पत्राची वाट बघतोय.

२०१४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, आँटी बेटावर जाऊन आल्या. परत आल्या त्या जरा खचूनच. शाळा बंद पडली होती. बेकरी एका अल्बेनियन कुटुंबाची, खानावळीत बोस्नियाहून आलेली पोरं, नीट रंगवलेल्या घरांचे मालक जर्मन, आणि हिवाळ्यात धुराडी पेटतात ती मोजकी. पाद्री आठवड्यातून एकदा बोटीने येतो. वहीत बारसं क्वचित, बाकी मर्तिकंच. ‘आमचं गाव आता दुसऱ्यांचं झालं,’ आँटी म्हणाल्या. कुणीही भल्या माणसाने अशा वेळी हळहळावं. मला हेवा वाटला. रिकामं का होईना, हळहळायला यांना गाव तरी होतं.

या सगळ्यात माझी मैत्रीण कुठे होती? नखं रंगवत होती. ‘मेलेल्या माणसांची काय गं एवढी उठाठेव,’ म्हणायची. ती जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, फटफटवत मागच्या वाफ्यात जायची आणि आँटींच्या मुलाबरोबर शेंगा तोडायची. आमच्या खोलीतलं गरम पाणी बंद पडलं म्हणून तो आला होता, ते दुरुस्त करायला त्याला तीन शनिवार लागले. दुसऱ्या शनिवारीच मला कळायला हवं होतं. २०१५ मध्ये त्यांनी लग्न केलं, चर्चमध्ये नाही, देवळात नाही, आँटींच्या मांडवाखाली, सरकारी कागदावर सह्या करून. आँटींच्या नणंदेने नाक मुरडलं, पण वाइन प्यायली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मैत्रीण स्वयंपाकघरात शिरली आणि सहज म्हणाली, ‘आई, चहाचा डबा कुठेय?’ इंग्रजी वाक्यात ‘आई’ तेवढं मराठी. आँटींना त्या शब्दाचा अर्थ मीच सांगितला. त्यांचे डोळे भरून आले. मी तीन वर्षं आँटी-आँटी करत होते.

आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा घोळवली. व्हेनिसपासून हेन्डरसनपर्यंतचा एकेक मुडदा मी खणून काढायचा, आणि हिने नुसतं गळ्यात हार घालून शेवटच्या फांदीवर बसायचं. ती नवऱ्याबरोबर दहा मिनिटांवरच्या घरात राहायला गेली. मी मागच्या खोलीत एकटी राहिले. रविवारी ती पाहुणी म्हणून यायची आणि घरच्यासारखी वागायची. मी तिथेच राहायची आणि पाहुणी होते.

आता थोडं तांत्रिक, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉम्प्युटरवरचा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. रस्ते एकावर, पाण्याच्या नळ्या दुसऱ्यावर, झाडं तिसऱ्यावर. त्यांना आम्ही थर म्हणतो. मी आमच्या कुलवृत्तांताच्या सवयीने पुरुषांचा एक थर केला होता आणि सुनांचा वेगळा. आमच्या पुस्तकात सुनांची यादी मागे, स्वतंत्र असते, मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आँटींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मीही सूनच आहे. मला मागे कुठे टाकतेस? वहीत पाद्र्यानेसुद्धा बायका नवऱ्याच्या शेजारी लिहिल्यात.’ मग मी एकेक सून उचलून मुख्य थरावर आणली. आणखी एक थर असतो. त्यावर ठेवलेलं पडद्यावर दिसतं, पण कागदावर छापून येत नाही. मोजमापाच्या कच्च्या खुणा तिथे ठेवतात.

२०१७ च्या जानेवारीत घराण्याचा मेळावा ठरला. हेन्डरसनमध्येच एक हॉल घेतला; उत्तरेकडून, ऑस्ट्रेलियातून, बेटावरूनसुद्धा माणसं येणार होती. आदल्या आठवड्यात आँटींनी माझ्या लॅपटॉपवर सगळा वंशवृक्ष शेवटचा तपासला. त्यांनी बोट ठेवत ठेवत माझ्या मैत्रिणीच्या नावापर्यंत खाली आणलं आणि म्हणाल्या, ‘झालं. आता कुणी राहिलं नाही.’ मग मेळाव्याची कामं वाटू लागल्या. मुलगा आणि सून दारात उभे राहून पाहुण्यांचं स्वागत करतील. ‘आणि तू नकाशापाशी थांब हं,’ मला म्हणाल्या. ‘लोकांना कळलं नाही तर समजावून सांगायला कुणीतरी हवं.’

त्यांनी किती प्रेमाने म्हटलं होतं ते मला आजही ऐकू येतं. तेव्हा मात्र एवढंच कळलं की मी नकाशापाशी थांबायची, नकाशात नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी फाइल उघडली, मैत्रिणीचं नाव निवडलं आणि न छापल्या जाणाऱ्या थरावर टाकलं. चुकून झालं असं लिहिता आलं असतं. चुकून झालं नाही. मी ते टाकलं, मग नीट बघितलं, मग प्रिंट सोडली. तीन लांब कागद मशीनमधून सरसरत बाहेर येत होते आणि मी शेजारी उभी राहून केळं खात होते.

हॉलवरच्या एका मुलाने कागद एकाला एक जोडून भिंतीवर लावले. आँटींनी रंगीत टिकल्यांची पाकिटं ठेवली होती. आलेल्याने आपलं नाव शोधायचं आणि शेजारी टिकली लावायची. म्हातारे पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, पोरं खुर्च्यांवर चढून वरच्या पिढ्यांना टिकल्या लावत होती. दाराशी येणाऱ्यांचा ओघ आटला तशी मैत्रीण आली. हिरवी साडी नेसली होती, बोटावर लाल टिकली. नवऱ्याचं नाव सापडलं. त्याच्या शेजारी गोल होता. गोलाच्या पुढे कोरा कागद. तिने दोनदा वर-खाली पाहिलं, मग टिकली परत पाकिटाला चिकटवून टाकली.

आँटींची नणंद मागे उभी होती. ‘हं,’ ती म्हणाली, ‘शेवटी चर्चमध्ये झालं नव्हतं ना.’ तिचा या प्रकाराशी काहीही संबंध नव्हता, पण देवाने काही माणसांना योग्य क्षणी तोंड उघडायची देणगी दिलेली असते. मैत्रिणीने आँटींकडे पाहिलं. आँटी कागदाजवळ आल्या, चष्मा वर-खाली करून बघितलं. ‘पण मी कॉम्प्युटरवर पाहिलं होतं. होतं इथे.’

‘इट्स ओके, आई,’ मैत्रीण म्हणाली. आँटींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘फाइल बघते मी.’  नंतर मैत्रीण माझ्याजवळ आली आणि मराठीत म्हणाली, ‘अगं, तुझं नाव आलंय बघ खाली कोपऱ्यात.’ आमच्या नकाशांना तळाला एक चौकट असते, काढणाऱ्याचं नाव तिथे आपोआप छापलं जातं. मला ती पुसायची आठवणच राहिली नव्हती. ‘चला, निदान तुझं तरी आलं. एवढं केलंस तू,’ ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता.

त्यानंतर ती रविवारी यायची थांबली. आधी डोकं दुखतंय म्हणाली, मग शिफ्ट आहे म्हणाली. मला फोन करायची. ‘त्यांनी मला धरलंच नाही गं. मी आई म्हणते त्यांना. नुसतं प्लीज-थँक यू करून हेच करायचं होतं तर आधीच सांगायचं ना.’

‘तू विचारलंस का त्यांना?’

‘काय विचारू? म्हणतात कॉम्प्युटरवर होतं. म्हणजे आता कॉम्प्युटर खोटा. नवरा म्हणतो सोड ना, नो वरीज. त्याचं नाव आहे ना तिथे, त्याला काय वरी.’

मी ‘हं’ म्हणायची. खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, छान वाटलं. तिची खुर्ची आँटींच्या उजव्या हाताला असायची. तिसऱ्या रविवारी तिथे मी बसले आणि कुणी काही म्हटलं नाही. तोंडल्याच्या काचऱ्या करून नेल्या होत्या, तोंडली हेन्डरसनच्या भारतीय दुकानातली, फ्रोझन. सगळ्यांनी तारीफ केली. मुलगा एकटा यायचा, लवकर निघून जायचा. आँटी दर वेळी सुनेसाठी ताटली मांडायच्या आणि तीन वाजता ती तशीच उचलून कपाटात ठेवायच्या. मी बघायची आणि कोशिंबीर पुढे सरकवायची.

एकदा भांडी पुसताना आँटींनी विचारलं, ‘कॉम्प्युटर नाव खाऊ शकतो का?’

‘कधी कधी होतं तसं,’ मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी परत विचारलं. तोच प्रश्न, तेच शब्द. मी तेच उत्तर दिलं. मग त्या म्हणाल्या, ‘हे मी तुला आधी विचारलं होतं, हो ना?’ 

एप्रिलमध्ये, एका रविवारी सकाळी, मी काचऱ्यांची वाटी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. टेबलावर एक वही होती. त्यात त्यांनी कॅपिटल अक्षरांत लिहून ठेवलं होतं: गॅस बंद केला. गोळी घेतली. मागचं दार लावलं. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. ‘मंगळवारी डॉक्टरकडे जातेय,’ म्हणाल्या. ‘डोक्याची तपासणी. माझी थोरली बहीण अशीच गेली. आधी छोट्या गोष्टी. न घडलेलं बघितल्यासारखं वाटायचं तिला. मुलाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.’ मग माझ्या हातातली वाटी घेऊन झाकण उघडून वास घेतला. ‘ते नाव मी पाहिलं होतं असं मी शपथेवर सांगितलं असतं,’ त्या म्हणाल्या. ‘आणि ते कागदावर नव्हतं.’

 हेव्यात माणूस काय काय बघतो, खुर्ची बघतो, ताटली बघतो, पण एक म्हातारी बाई तीन महिने स्वतःच्या डोक्यावर पाळत ठेवून बसली आहे हे माझ्या नजरेला पडलं नव्हतं. मी मागच्या खोलीत गेले आणि लॅपटॉप घेऊन आले. फाइल उघडली. शेवटची फांदी मोठी करून त्यांच्यापुढे धरली. नाव होतं. मग छापल्यावर कसं दिसेल ते दाखवणारी खिडकी उघडली. नाव गेलं. परत पडद्यावर आणलं, आलं. परत खिडकी, गेलं. तोंडाने सांगायचा धीर नव्हता म्हणून मी ते चार वेळा करून दाखवलं.

‘म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे,’ आँटी म्हणाल्या.

‘हो.’

‘कुणी केलं हे?’

‘मी.’

त्यांनी किटलीचं बटण दाबलं, मग बंद केलं. इंग्रजीत सांगणं मला सोपं गेलं, परक्या भाषेत लाज थोडी कमी लागते. मी म्हटलं, मला तिचा हेवा वाटत होता. त्यांनी विचारलं, कशाचा. मी खिडकीतून मांडवाखालच्या टेबलाकडे बोट दाखवलं. आँटींनी खरोखर न समजून तिकडे पाहिलं. ‘पण तू दर रविवारी असतेस तिथे,’ त्या म्हणाल्या.

मग त्या लॅपटॉपच्या समोर बसल्या आणि बोटाने नकाशा वर वर सरकवत नेला, नावांमागून नावं. ‘हे दोघे भाऊ एका भिंतीवरून वीस वर्षं बोलले नाहीत. हिने जावेच्या विहिरीत मीठ टाकलं होतं. हा घरचे पैसे उचलून चिलीला पळाला, याच्या आईने त्याचं नाव घरात काढू दिलं नाही. यातल्या निम्म्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. मी सगळ्यांना लिहिलं.’ त्यांनी लॅपटॉप मिटला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. ‘ती माझ्यावर रागावली आहे असं मला वाटत होतं. ती तर दुखावली आहे. जा, सांग तिला. फोनवर नको. जेवायच्या आधी जा.’

मी गेले. गाडीने दहा मिनिटांचा रस्ता मला फार लवकर संपला. ती घरापुढच्या ड्राइव्हवेच्या कडेला बसून फटींतलं गवत उपटत होती. पाचवा महिना होता तिला, वाकताना एक हात जमिनीवर टेकायची. मला बघून हसली. ‘अगं, तू? आज लंच नाही का तिकडे?’

मी उभ्या उभ्या सांगितलं. थरांचं सांगितलं, थोडक्यात. मराठीत सांगताना कुठे लपायला जागा नव्हती. ती ऐकत होती, हातात मुळासकट उपटलेलं गवत तसंच.

‘मुद्दाम?’

‘हो.’

‘हॉलमध्ये मी तुझ्याशी बोलले तेव्हा तुला माहीत होतं?’

‘हो.’

‘आणि फोनवर? एवढे फोन केले मी.’

‘हो.’

तिने गवत बादलीत टाकलं. उठायला तिला मी हात पुढे केला, तो तिला दिसला नाही किंवा तिने बघितला नाही. भिंतीला धरून उठली. बागेतल्या नळाखाली हात धुतले, साडीला पुसायच्या सवयीने टी-शर्टाला पुसले.  मला वाटत होतं ती शिव्या देईल. तिला उत्तम येतात.

‘मी आईंवर संशय घेतला,’ ती म्हणाली. ‘त्या आत्याबाईंवर घेतला. नवऱ्यावर घेतला, की यालाच मी नकोय आणि हा आईच्या आड लपतोय. एकदा तर तो प्रिंट लावणारा मुलगा आठवला, म्हटलं त्याने फाडलं असेल. सगळ्यांवर संशय घेऊन झाला. तुझ्यावर एकदाही घेतला नाही.’

 ती आत गेली, किल्ल्या घेऊन बाहेर आली, जँडल्स बदलायच्याही राहिल्या होत्या.

‘कुठे चाललीस?’ मी विचारलं.

‘आईंकडे. एक वाजत आलाय.’

‘मी येऊ?’

तिने गाडीचं दार उघडलं, आत बसली आणि आरशात मागे पाहिलं. मी माझी गाडी तिच्या गाडीच्या मागेच, रस्ता अडवून लावली होती. तिने काच खाली केली.

‘तुझी गाडी काढ आधी,’ ती म्हणाली. ‘मला बाहेर पडता येत नाहीये.’

मी गाडी मागे घेतली. ती माझ्याकडे न बघता वळली आणि निघून गेली.